सुईच्या दिवशी संकष्टी

"व्हॅसोव्हेगल सिंकोप वाटतंय. तरी ईसीजी काढू," एवढं बोलून डॉक्टरीणबाई पडद्यामागे गेल्या. एवढं मोठं इंग्रजी नाव म्हणजे हृदयाचंच काहीतरी, असं मी धरूनच चालले.

पंधरा वर्षांची माझी मेघना दवाखान्यातल्या खाटेवर पडली होती, ओठ पांढरेफटक. अर्ध्या तासापूर्वी आमच्या कानडी मुलखातल्या हिनकल गावच्या शाळेत तिने करोनाच्या लशीचा पहिला डोस घेतला. खुर्चीतून उठली, "गरगरतंय गं," म्हणाली आणि कोसळली.

लशीने मुलांच्या हृदयाला सूज येते, असे निरोप फोनवर वाचले होते. तरी संमतीपत्रावर सही माझीच होती.

"बेळिग्गे एनु तिंदळु? सकाळी काय खाल्लं हिने?" डॉक्टरांनी परत येऊन विचारलं.

त्या दिवशी संकष्टी होती. सुईची मला इतकी धास्ती, की गणपती सांभाळेल म्हणून पोरीलाही माझ्याबरोबर उपास घडवला होता. दुधाचे दोन घोट, बस्स. खाली मान घालून मी सांगितलं.

"ईसीजी नॉर्मल आहे. सिंकोप म्हणजे चक्कर," त्या म्हणाल्या. "सुईच्या भीतीने रक्तदाब एकदम उतरतो, त्यात पोट रिकामं. हृदयाला सूज फार क्वचित येते, आणि अशी मिनिटांत नाही. पुढच्या काही दिवसांत छातीत दुखलं, धाप लागली तर तडक आणा. देव रागावत नाही हो, पुढच्या वेळी खाऊ घालून आणा."

घरी आल्यावर आठवडाभर मी तिच्या पाळतीवर होते. जिना चढली की श्वास ऐकायचा, झोपली की छातीवर हात. एक दिवस ताप आला, दंड दुखला, बाकी काही नाही.

चार आठवड्यांनी दुसरा डोस. नकोच, असं शंभरदा मनात आलं. पुन्हा डॉक्टरांना गाठलं. "मुलांना करोना बहुधा सौम्य होतो, पण सगळ्यांनाच नाही. लस घेऊनही संसर्ग होऊ शकतो, गंभीर व्हायचा धोका मात्र कमी होतो," त्यांनी समजावलं.

"सुम्ने, उगाच घाबरू नको आई, मी घेणार," मेघना म्हणाली.

तुम्हीही मुलांना नेणार असाल, तर शंका फोनला नको, डॉक्टरांना विचारा. आणि पोटभर खाऊ घाला.

दुसऱ्या डोसच्या दिवशी तिने चार इडल्या खाल्ल्या. पुन्हा चक्कर नको म्हणून सुई आडवं पडूनच घेतली. अर्धा तास झाल्यावर ती उठली आणि दारापर्यंत चालत गेली. मी बाकावरूनच तिची पावलं मोजत होते. ती परत आली आणि तिने मला उठायला हात दिला.