सेलरीची तहान

बायकोचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी मी घरी सेलरी लावली. हसू नका. तोवर मलाही ही भाजी फक्त सूपच्या वाटीत भेटलेली, ती पण कुणाच्या तरी लग्नात. पण मोबाइलवर एक व्हिडिओ आला की सेलरीचा रस रोज घेतला तर किडनी धुऊन निघते. मी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त केलेला माणूस. बिघडलेलं पुसावं, तेल घालावं, की चालू होतं, एवढंच मला कळतं. डॉक्टरांना विचारलं नाही. ते नको म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

तिला दिवसाला अर्धा लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच आमटी, गोळीबरोबरचा घोटही त्यातच. सकाळी ती बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर बाटलीकडे बघून बघून प्यायची. शेंगाचटणी बंद झाली, कडक भाकरी घशाखाली उतरेना. स्वयंपाकघरातला माठ तिनं स्वतःच शेजारी देऊन टाकला. "दिसला की घसा आणखीच कोरडा पडतोय," म्हणाली. मी पाणी प्यायला न्हाणीघरात जायला लागलो. आपल्याच घरात चोरून पाणी प्यायचं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही.

आणि ह्या सेलरीचे नखरे काय सांगावे! बी मोहरीपेक्षाही बारीक, मातीवर नुसतं भुरभुरायचं. तीन आठवडे काहीच नाही. मी रोज चष्मा लावून कुंडीत तोंड घालायचो. रोपं वर आली एकदाची, पण माती जरा सुकली की माना टाकायची. नळाला पाणी चार दिवसांआड, आणि ह्या बयेला सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. मी अंघोळ निम्म्या बादलीवर आणली. थंडीत मात्र रोपांनी जोर धरला. देठ कोवळे, पांढरे राहावेत म्हणून भोवती वर्तमानपत्र गुंडाळायचं असतं. तसं गुंडाळून सुतळीनं बांधलं.

"आता तोडा की," बायको म्हणाली.

"घाई करू नको. भरू देत जरा. रस निघायला नको का?"

त्यानंतरच्या रिपोर्टात तिचं पोटॅशियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "फळं खाता का? नारळपाणी?" तिनं नाही म्हणून मान हलवली. मी छातीठोकपणे म्हणालो, "छे हो, मी स्वतः लक्ष ठेवतो." रिक्षात मात्र तिच्यावर घसरलो, "गोळ्या चुकवतीस काय?" ती रस्त्याकडे बघत बसली. तेव्हा मी किती वाईट बोललो, ते आठवलं की आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी मी मिक्सर धुऊन ठेवला आणि रस काढायला पहिला कागद सोडला. आत देठच नव्हते. मधला करंगळीएवढा कोंब तेवढा शिल्लक, आणि बाजूनं कापल्याच्या खुणा. दुसरा कागद सोडला, तेच. वरची पानं विरळ वाटत होती, पण ती उन्हानं झाली असं मी धरून चाललो होतो. उंदीर काही विळीनं कापून सुतळी पुन्हा बांधत नाही.

ती ओट्याशी उभी होती. मी नुसता कागद दाखवला.

"मीच खाल्ले," ती म्हणाली. "दुपारी तुमी झोपल्यावर. चावलं की पाणी सुटतंय हो तोंडात, गार. आन् ते बाटलीतलं न्हाई ना, मोजायला लागत न्हाई."

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर ओरडलेच. आधीच वाढलेलं पोटॅशियम, त्यात सेलरीतल्या पोटॅशियमची भर. आणखी वाढलं असतं तर हृदय बंद पडलं असतं म्हणाले. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी फोन ठेवला, बाहेर गेलो आणि चारी रोपं मुळासकट उपटली. राग माझा मलाच आलेला, पण निघाला झाडांवर. मी तिला औषध म्हणून काय वाढवत होतो, देवा!

ती दारात आली.

"उपटलं व्हय?"

"मग काय ठेवू? तुझा जीव जायची वाट बघू?"

"आता खाल्लं नसतं की मी," ती म्हणाली. "तुमी पाणी घालताना नुसतं बघत बसले असते. मातीत जिरतंय ना, ते बघायला लई बरं वाटतंय."

माझ्या हातातली रोपं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या भरला आणि मोकळ्या कुंडीत सावकाश ओतला. ती खुर्ची घेऊन बाहेर आली, पदर सावरून बसली. पाणी खाली जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

मग म्हणाली, "आनखी एक घाला की."