सासऱ्यांना गाडीतून काढताना

मी आयुष्यात एकदाच स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्यातून सासऱ्यांना बाहेर काढायला सहा माणसं लागली.

गाडी वीस वर्षांची, लालभडक, दोन सीटची. भिंगारच्या एका निवृत्त साहेबांकडून घेतलेली. त्याच महिन्यात बायकोनं, म्हणजे सुनीतानं, छोटीशी नवीकोरी गाडी घेतली. "ही गाडी नव्हे, चाकं लावलेला डबा!" असं मी तिला रोज म्हणायचो. (आणि रोज त्याच डब्यातून नागापूरला कामावर जायचो. माझी सुरूच व्हायची नाही!)

धाकट्या मेहुणीचा साखरपुडा देवळाली प्रवरात होता. अंगठी आणायला सासरे नगरला आले होते. म्हटलं, "मामा, माझ्या गाडीत बसा. तासाच्या आत घरी!" त्या दिवशी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं!

"जावईबापू, ही तर भुईवर बसल्यावानी हाय," म्हणत सासरे आत घसरले. गुडघे छातीला, टोपी छताला!

राहुरीच्या अलीकडे गतिरोधक आला. मुलांना घेऊन पुढं निघालेली सुनीता टुणकन पलीकडे गेली. माझी गाडी मात्र त्यावर पोट टेकून बसली. चाकं नुसती गरगर!

"मामा, जरा उतरता का?"

"उतरू कसा? गुडगंच निघंनात!"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "पाव्हनं दारात आलं! कुठपर्यंत आलात?"

"म्या कुठंबी आलो न्हाई. जावयानं मला बशिवलाय!"

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. सहा जण उतरले. एकानं विचारलं, "दादा, आधी म्हातारबाबा काढायचं का गाडी?"

"म्हातारबाबा!" सासरे आतून गरजले. मुळा उपटावा तसं त्यांना उपटलं, अंगठीची डबी खिशात शाबूत! मग गाडी उचलून कडेला ठेवली. सुनीता परत आली होती. तिनं आपल्या डब्याचं मागचं दार उघडलं. मी मुलांच्या मधे, मांडीवर फळांची करंडी घेऊन बसलो. पाय पसरले. खरं सांगतो, फार बरं वाटलं!

साखरपुडा झकास झाला. सासरे मात्र पेढे वाटताना प्रत्येकाला सांगत होते, "जावई रस्ताभर घोरत हुते!"

"मी नाही हो, इंजिनाचा आवाज होता तो!" मी म्हणालो.

"अहो," सुनीता शांतपणे म्हणाली, "माझी गाडी विजेवर चालते. तिला इंजिनच नाही."