डाव्या कानासाठी ॲम्प्लिफायर

आमच्या ह्यांचा उजवा कान बोटीवर गेला. कापला वगैरे नाही. सगळी नोकरी इंजिनरूममध्ये झाली, तिथल्या आवाजाने गेला. डावाही अर्धाच राहिला आहे. नोकरी संपवून हे गुहागरला कायमचे घरी आले तेव्हा मला ओरडून बोलायची सवय लावून घ्यावी लागली. शेजारची जाऊ म्हणाली, "इतकी वर्षं नवरा लांब होता तर गप्प होतीस. आता आला तर रोज भांडतेस." मी म्हटलं, भांडत नाही, चहा हवा का ते विचारते आहे.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेला कान येणार नाही, उरलेला जपा. तोही हळूहळू कमी होईल. आधी बारीक आवाज जातील, मग गाण्यातले सूर जातील, समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत राहील. कानात घालायचं मशीन दिलं. ते ह्यांनी थोडे दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यातून माझा आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा येतो म्हणाले, आणि मी भांडी घासायला घेतली की डोकं फुटतं. गाणं तर त्यातून ऐकवतच नाही.

आणि गाणं हीच ह्यांची एक चैन. बाकी काही नाही, पानसुद्धा खात नाहीत. बोटीवरून येताना दुसऱ्या बायकांचे नवरे साड्या आणि सेंट आणायचे, ह्यांनी कॅसेट वाजवायचं यंत्र आणलं होतं. ते खाऱ्या हवेने गंजून गेलं. पुढे मोबाईल कानाला चिकटवून ऐकायला लागले. मग तेही पुरेना. मग ऐकणं सोडलं आणि नुसते पोफळीच्या बागेत जाऊन बसायला लागले. बागेत काम असतं तर गोष्ट वेगळी. काम नसताना बसत.

लेक पुण्याला एका कारखान्यात होती, इलेक्ट्रॉनिकचं काम. ती नोकरी सोडून घरी आली. का सोडली ते मी विचारलं, तिने सांगितलं, मला पटलं नाही, तो विषय तिथे संपला. तिने पडवीत टेबल मांडलं आणि तारा जोडायला घेतल्या. घरात ठेवायचा लहान ॲम्प्लिफायर करायचं तिच्या मनात होतं. मोबाईलमधलं गाणं घ्यायचं, मोठं करायचं आणि दोन स्पीकरना द्यायचं, एवढं काम करणारी पेटी. पहिली पेटी बाबांसाठी. ह्यांनी परत गाणं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. पुढे जमलं तर चार लोकांना करून द्यायच्या.

ती काम करताना बोलते. मी तांदूळ निवडायला तिथेच बसायची, त्यामुळे पेटीत काय घातलं आणि का घातलं ते मला बरंच ठाऊक आहे.

पेटी ह्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर मावेल एवढीच करायची, हे तिने पहिलं ठरवलं. मग आत विजेसाठी एक तांब्याच्या तारेचा गोळा बसवला, चांगला वरवंट्याएवढा जड. हल्ली हलके मिळतात, पण आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. कधी दिवा लाल होतो, कधी भगभगतो. हलकं सामान त्यात मरतं, हा गोळा सोसतो म्हणाली. आतल्या वस्तू तापतात, त्यांना गार करायला पंखा लावतात, तो तिने लावला नाही. पंखा समुद्राची हवा आत ओढणार आणि वर घूं घूं करणार. त्याऐवजी पेटीच्या वरच्या बाजूला भोकं ठेवली.

"तिथून पाल आत जाईल," मी म्हटलं.

"जाळी लावली आहे."

"मुंग्या जातील."

"आई, गरम हवा वरूनच बाहेर जाते. मी काय करू?"

समोर एक मोठं फिरवायचं बटण, धरायला सोपं. त्याच्या बाजूला एक खटका. तो खटका दुकानातल्या पेट्यांवर आता दिसत नाही म्हणाली. गाणं दोन बाजूंनी येतं, गळा या स्पीकरमधून, तबला त्या स्पीकरमधून. दोन कानांच्या माणसाला त्यात मजा आहे. एका कानाच्या माणसाचं अर्धं गाणं हरवतं. खटका दाबला की दोन्ही बाजू एक होतात आणि सगळंच्या सगळं गाणं डाव्या बाजूच्या स्पीकरमधून येतं. तो स्पीकर तिने ह्यांच्या डाव्या हाताला ठेवला.

दिवा मात्र एकही लावला नाही. हल्लीच्या मशीनना निळे दिवे असतात, अंधारात डोळ्यात घुसतात. तिला ते आवडत नाहीत. पेटीचं तोंड साधं पाहिजे, बघायचं काही नको, ऐकायचं फक्त. मलाही ते बरं वाटलं.

पेटी तयार झाली आणि हे पहिल्यांदा समोर बसले, डोळे मिटून ऐकत राहिले. लेक माझ्याकडे बघत होती. मग म्हणाले, "मागे तंबोरा आहे गो." मी म्हटलं, असतोच. हे म्हणाले, "असतो, पण मला ऐकू येत नव्हता."

लेक दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. पत्र्याच्या चांगल्या पेट्या करून देणारा तिच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून नमुने करून घ्यायचे होते. ती गेल्यावर मी पेटीला टोपरं शिवलं. आमच्या घरात टीव्हीला टोपरं आहे, मिक्सरला आहे, गॅसच्या सिलिंडरला झगा आहे. समुद्र एवढा जवळ असताना कोणी वस्तू उघडी ठेवत नाही. जुन्या लुगड्याचा जाड भाग घेतला, त्याला काठ लावला. बटण फिरवायला समोरून उघडं ठेवलं. छान बसलं.

पुढचे काही दिवस हे सकाळी गाणं लावायचे. थोड्या वेळाने गाणं थांबायचं. मी स्वयंपाकघरात असायची, मला वाटायचं ह्यांनीच बंद केलं. दुपारी परत लावायचे, परत थांबायचं. मग हळूहळू लावायचेच कमी झाले. लेकीचा फोन आला की हे म्हणायचे, "उत्तम आहे बाय. सुंदर वाजते." आणि फोन ठेवून बागेत जाऊन बसायचे. माझ्या मनात आलं, एवढी पोरीने मेहनत केली आणि ह्यांचा हौसेचा भर ओसरला. पुरुषांचं असंच.

एका दुपारी मी त्याच खोलीत फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. गाणं चालू होतं. टक् असा बारीक आवाज झाला आणि गाणं थांबलं. हा टक् मी आधीही स्वयंपाकघरातून ऐकला होता आणि पाल समजून सोडून दिला होता. पण आता हे माझ्यासमोर होते. बटणाला कोणी हात लावला नव्हता. हे डावा कान पुढे करून पेटीकडे बघत होते. मग हात पुढे केला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. तरी काही नाही. हात मांडीवर ठेवून बसले.

मी जवळ जाऊन विचारलं, "बंद पडलं काय?"

"चालू आहे. मला येत नाही."

"काय येत नाही?"

"गाणं. सुरुवातीला येतं, मग जातं, मग मी बंद करून टाकतो. कान दमतो बहुतेक. डॉक्टर म्हणाले होते ना, सूर जातील, बोलणं राहील. तसंच झालं." मग म्हणाले, "बायला सांगू नको. तिने फार केलं."

मी म्हटलं, "अहो, मलाही येत नाही."

"तुलाही?"

"कोणालाच येणार नाही. पेटी बंद पडली आहे."

हे हसले. आजारी माणसाला कोणी समजावायला आलं की तो हसतो तसे. "राहू दे गो. मला बरं वाटावं म्हणून बोलू नको."

"मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून कधी काही बोलले आहे?"

हे विचारात पडले. खरंच आठवून बघत होते. मग म्हणाले, "नाही. तसं एकदाही नाही."

"मग?"

"मग पेटीच बंद असेल."

आम्ही दोघं पेटीकडे बघत बसलो. काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. थोड्या वेळाने परत टक् झालं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असल्याने असा दणका उडाला की आठळ्यांची टोपली माझ्या हातून सुटली. हे खुर्चीतून उठले आणि कानावर हात ठेवला. डाव्या कानावर. जाऊ मागच्या दाराने धावत आली. "कोणाचं लग्न काढलंत?" हे हसायला लागले ते थांबेनात. तिला वाटलं दोघांनाही काही झालं.

लेकीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, पेटीवर काही ठेवलंस?"

"काही नाही. टोपरं आहे फक्त."

मग म्हणाली, "काढ ते." मी काढलं. पेटीचा माथा भाकरीच्या तव्यासारखा झाला होता.

आत तिने एक राखण बसवलेली आहे. पेटी फार तापली की ती स्पीकरची वाट तोडते, म्हणजे आतलं काही जळत नाही. गार झाली की परत जोडते. तोच तो टक्. पेटीने तिचं काम बरोबर केलं होतं. फक्त केलं ते कोणाला कळलं नाही.

लेक परत आली ती तणतणतच. "पेटीवर लिहून टाकते, झाकू नये म्हणून."

"लिही. मी चौथी शिकले आहे. वाचेन आणि झाकेन."

"का पण?"

"इथे उघडं कोण ठेवतो? तू काय घरोघरी जाऊन टोपरी काढणार आहेस?"

ह्यांनी तिला सांगू नको म्हटलं होतं, पण मी सांगितलं. कान गेला असं समजून हे इतके दिवस गप्प बसले होते, हे तिला कळायला हवं होतं. ती पडवीत गेली. टेबलाशी बसली, पण काही जोडलं नाही. मी जेवायला हाक मारायला गेले तेव्हा म्हणाली, "दिवा मी लावला नाही. एक साधा दिवा असता, तापल्यावर लागणारा, तर बाबांना कळलं असतं."

मी म्हटलं, "तू दिवा लावला नाहीस, मी झाकलं, ते बोलले नाहीत. तिघांनी मिळून केलं. आमटी निवते आहे, चल."

जेवताना दिव्याचं निघालं. हे म्हणाले, "दिवा नको. काटा लाव."

इंजिनरूममध्ये कानाचा उपयोग नव्हता, शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. सगळे मशीनच्या तबकड्यांमधल्या काट्यांवर नजर ठेवून असत. काटा पडला की धावायचं. लेकीला काटे म्हणजे उगाच मिरवणं वाटायचं, पण तिने लावला. गाणं सुरू झालं की नाचतो, थांबलं की पडतो.

हे म्हणाले, "ती तुझी राखण वाट तोडते तेव्हा पडेल काय?"

"नाही. काटा तिच्या आधी जोडला आहे. तिथे जोडणं सोपं आहे."

"मग स्पीकर गप्प आणि काटा नाचतोय, असं होईल. खोटं बोलेल तो."

तिने परत सगळं उघडलं आणि काटा अगदी शेवटी जोडला, जिथून तार स्पीकरकडे जाते तिथे. आता जे बाहेर पडतं तेच काटा दाखवतो. हे तिने केलं आणि मग स्क्रू घट्ट करता करता थांबली. "बाबा, पण हा दुसरंही सांगणार. कधी काटा हलतोय आणि ऐकू येत नाही असं झालं तर."

"तर तेव्हा कळेल," हे म्हणाले. "आत्ता तसं झालेलं नाही ना? मग आत्ता लाव."

भोकांचं तिने असं केलं. माथा बंद केला, फणसाच्या लाकडाची फळी बसवली. उष्णता जायला मागच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या लावल्या, त्या पेटीच्या बाहेर राहतात. आणि लोक झाकणारच असतील तर टोपरं आपणच द्यायचं, मागून उघडं शिवलेलं, असं ठरवलं. ते शिवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच्या मागे मी सवयीने कापड सोडलं होतं, तिने उसवायला लावलं. तिने आणि ह्यांनी बंद दाराच्या खोलीत, टोपरं घालून, दिवसभर पेटी वाजवून बघितली. टक् झालं नाही. दुसरी पेटी जाऊच्या मुलाने मागितली आहे. जाऊला मी मुद्दाम सांगितलं नाही की तिच्या टोपऱ्याला काठ चांगला लावला आहे.

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मासे साफ करत होते. गाणं मधेच थांबलं. माझे हात बरबटलेले, तशीच उठले आणि दारापर्यंत गेले. हे खुर्चीत होते. काट्याकडे बघितलं, तो पडलेला होता. मग मोबाईल उचलून डोळ्यांजवळ धरला.

"मेला वाटतं हा," म्हणाले. "चार्जर कुठे ठेवलास गो?"

मी म्हटलं, तुमच्याच मागे आहे. त्यांनी मोबाईल चार्जरला लावला आणि खुर्चीतच थांबून राहिले, बागेकडे गेले नाहीत. मी परत माशांकडे गेले.