मावशीच्या चौघी

माझी थोरली मावशी दात बनवायची. म्हणजे कवळ्या. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे लांबट, बोळासारखी खोली होती, तिथे ती एकतीस वर्षं बसली. समोर छोटा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे साचे आणि उथळ खणांच्या पेटीत पिवळट-पांढऱ्या छटांप्रमाणे लावून ठेवलेले शेकडो दात. ते ज्यांच्या तोंडात जायचे ती माणसं तिनं कधी पाहिली नाहीत. ती माणसं दवाखान्याच्या पुढच्या दारानं यायची आणि पुढच्याच दारानं जायची. मावशीपर्यंत पोचायचा तो त्यांच्या हिरड्यांचा ठसा. पण त्यावरून ती माणसाची कुंडली मांडायची. "ही बाई उजवीकडूनच चावते," साचा उलटसुलट करत ती म्हणायची, "आणि दात आवळून बसते. घरात कुणावर तरी राग आहे हिचा."

आमच्याकडे मावशीबद्दल एक वाक्य ठरून गेलं होतं: "तिला माणसांची आवडच नाही." एखाद्याला वांगं आवडत नाही म्हणावं, तसं आई ते सहज म्हणायची. मावशीनं लग्न केलं नाही, कुणाकडे राहायला गेली नाही, कुणाला बोलावलं नाही. तेव्हा ते खरंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकोणिसाव्या वर्षी मी नकाशे काढण्याचा वर्षभराचा कोर्स घेतला, तो नेमका तिच्या गावात. आईनं फोन केला, मावशी "पाठव" म्हणाली आणि फोन ठेवला. मी पोचले तेव्हा जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, पण दुसरीवर हातभर रद्दी होती. तिनं रद्दी उचलून जमिनीवर ठेवली. खुर्ची पुसली. पुन्हा एकदा पुसली.

"बस. डुगडुगते जरा. कुणी बसायची सवय नाही तिला."

पहिला महिना आम्ही एकमेकींना नीट जपून वावरलो. सकाळी "निघते", संध्याकाळी "जेवलीस?" एवढंच. मी माझ्या खोलीत लॅपटॉपवर माझी मालिका लावून बसायची. एके दिवशी भांडी घासून ती हात पुसत दारात उभी राहिली.

"काय बघतेस?"

"कार्टून. जपानी. ॲनिमे म्हणतात."

"एवढी घोडी झालीस तरी?"

"अगं, मोठी माणसंही बघतात."

"गोष्ट काय?"

"चार मुली आहेत. शाळा सुटली की हवामान मंडळाच्या खोलीत जमतात. पाऊस मोजायचा असतो त्यांना."

"मग?"

"मोजत नाहीत."

मावशी तशीच उभी राहिली. त्या भागात खिडकीतला ढग चपलेसारखा दिसतो की मुख्याध्यापकांसारखा, यावर चौघी वीस मिनिटं वाद घालतात. तेवढ्यात ढग निघून जातो. भाग संपून गाणं लागलं, मी लॅपटॉप मिटला.

"पुढे काय होतं?"

"पुढे त्या घरी जातात."

"तसं नव्हे गं. पुढे! कुणाचं तरी काहीतरी होणार ना? ती झोपाळू आहे ना, तिला काहीतरी आजार असणार. उगाच कोण एवढं झोपतं?"

"काही नाही होत तिला."

"बघ तू. शेवटी काढतीलच."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची खुर्ची घेऊन माझ्या खोलीत येऊ लागली. चौघींना तिनं आपली नावं ठेवली: चष्मेवाली, उंच, झोपाळू आणि बडबडी. पुढचे दहा-बारा दिवस ती संकटाची वाट बघत होती. मुली रस्ता ओलांडायला लागल्या की "आता गाडी येणार". फोन वाजला की "गेले हिचे वडील". तो फोन निघाला चुकीच्या नंबरचा. कुणीतरी दोन किलो बटाटे मागवत होतं, आणि बडबडीनं ती ऑर्डर लिहूनही घेतली. मावशी तोंडावर हात धरून हसली. जगाचे दात करणाऱ्या बाईचा स्वतःचा पुढचा दात वाकडा आहे, हे मला तेव्हा दिसलं.

मग मी लायब्ररीतून या मालिकेची मूळ चित्रपुस्तकं आणली. त्यांना मांगा म्हणतात, आणि ती उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. हे सांगायचं मी विसरले. मावशीनं अर्धं पुस्तक आपल्या पद्धतीनं वाचून काढलं.

"मजेशीर आहे," चहा पिताना ती म्हणाली. "फक्त एक कळत नाही. या पोरी आधी हसतात आणि विनोद नंतर का करतात?"

असा आमचा हिवाळा गेला. या गोष्टींमध्ये मला काय आवडतं, हे मला कधी नीट सांगता आलं नव्हतं. बरं वाटतं, एवढंच कळायचं. ते मावशीनं सांगितलं. एका भागात बडबडीला शिक्षा म्हणून वर्गात मागे ठेवतात. बाहेर पाऊस. बाकीच्या तिघी शाळेच्या फाटकापाशी पत्र्याखाली उभ्या राहतात आणि पागोळ्यांचे थेंब मोजतात. भाग संपला तरी मावशी पडद्याकडेच बघत होती.

"थांबल्या," ती म्हणाली.

"हं."

"अगं, छत्री होती बडबडीकडे. घर माहीत होतं तिला. या गेल्या असत्या तर कुणाचं काही अडलं नसतं. तरी थांबल्या."

मग खुर्चीच्या दांड्यावर नखानं रेघा काढत तिनं सांगितलं. शाळेत तिच्या बाकाच्या आसपास पाचजणी होत्या. शाळा सुटली की त्या तलावाच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या. मावशीला जमायचं नाही, कारण आजी, म्हणजे तिची आई, अंथरुणाला खिळलेली होती, आणि चार वाजता तिला औषध देऊन कुशीवर वळवायचं काम मावशीचं होतं. सुरुवातीला त्या रोज विचारायच्या, "येतेस?" मग आठवड्यातून एकदा. मग विचारीनाशा झाल्या.

"त्यांचं काही चुकलं नाही हं," ती म्हणाली. "विचारून विचारून किती विचारणार?"

"आणि आई?"

"तुझी आई लहान होती. ती खेळायला जायची."

बस, एवढंच. उठून ती दूध तापवायला गेली. पुढे तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही.

कोर्स संपला, मला दुसऱ्या गावात नोकरी लागली. जाताना मी माझा जुना लॅपटॉप तिला देऊन मालिका कशी लावायची ते कागदावर लिहून दिलं. सुरुवातीला तिचा एक दिवसाआड फोन यायचा. "अगं, चष्मेवालीनं केस कापले! शोभत नाहीत, पण कुणी बोलत नाही तिला." एकदा ऑफिसात मी फोनवर "काय सांगतेस! झोपाळू उठलीच नाही?" असं ओरडले, तर साहेब हळूच जवळ येऊन म्हणाले, "घरी काही बरंवाईट झालंय का? रजा हवी तर घ्या."

हळूहळू माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी झाल्या, सुट्टीचे दिवस भरून गेले. मावशीचा फोन आला की मी "नंतर करते" असं मेसेजवर कळवायची आणि करायची नाही. तिचे फोन आठवड्यावर गेले, मग महिन्यावर. तिनं तक्रार केली नाही. मला ते सोयीचं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

दीड वर्षानं कामासाठी त्या गावी गेले तेव्हा तिच्याकडे उतरले. खुर्चीवर पुन्हा रद्दी होती. जेवताना ती हसत हसत म्हणाली, "मी एक वेडेपणा केला. तुझ्या आईला सांगू नकोस."

लायब्ररीच्या फळ्यावर तिला एक कागद दिसला होता. चित्रपुस्तकांच्या एका दुकानात, शनिवारी दुपारी, या मालिकेच्या चाहत्यांची बैठक होती. खाली लिहिलं होतं, सर्वांचं स्वागत. मावशीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दंतवैद्यानं विचारलं, "बरं नाही का?" कारण आजारपणाशिवाय रजा तिनं कधी घेतलीच नव्हती. तिनं कपड्यांना इस्त्री केली, बिस्किटांचा डबा घेतला आणि दुकानाचा जिना चढून वर गेली.

"आत पंधरा-सोळा पोरी जमिनीवर बसलेल्या. शाळा-कॉलेजातल्या. मी दारात दिसले तशा सगळ्या ताडकन उभ्या राहिल्या. इन्स्पेक्टर आल्यासारख्या!"

"मग?"

"मग एक कुरळ्या केसांची होती, तिनं कुठून तरी खुर्ची आणली. अख्ख्या खोलीत एकच खुर्ची. मला बसवलं आणि म्हणाली, 'कुणाला न्यायला आलात, काकू? तुमची मुलगी कोणती?'"

"आणि तू काय म्हणालीस?"

मावशीनं पाण्याचा घोट घेतला. "म्हटलं, येईल इतक्यात."

मी हातातला घास ताटात ठेवला. ती मात्र रंगात येऊन सांगत होती. चाळीस मिनिटं ती त्या खुर्चीवर बसली, डबा मांडीवर. पोरी बोलत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एकजण म्हणाली, बडबडीनं तापमापक फोडला तो भाग सगळ्यात छान.

"बडबडीनं नाहीच फोडला! चष्मेवालीनं फोडला, आणि बडबडीनं स्वतःवर घेतलं. त्या भागातली सगळी गंमतच त्यात आहे. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं."

"मग सांगायचं ना!"

"कशी सांगणार? मी तर मुलीची वाट बघत होते."

शेवटी ती उठली. "अडकली असेल कुठेतरी," असं म्हणून डबा कुरळीच्या हातात दिला. कुरळी म्हणाली, "आम्ही थांबतो हवं तर तिच्यासाठी." मावशी "नको, उगाच कशाला" म्हणाली आणि जिना उतरली.

"गुणी पोरी होत्या हो सगळ्या," ताट उचलत ती म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या बैठकीला आपण दोघी जाऊ. त्यावर ती म्हणाली, "आता त्यांच्या परीक्षा असतील." आणि नळ मोठा सोडला.

ती "सांगू नकोस" म्हणाली होती, तरी मी सुट्टीत घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तलावाचा कट्टा, चार वाजताचं औषध, दुकानातली खुर्ची, सगळं तिनं ऐकून घेतलं. एकाच टॉवेलची घडी तिनं तीनदा घातली.

"मी खेळायला निघाले की ती खिडकीत उभी असायची," आई म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर पाळत ठेवतेय. मी मुद्दाम कोपऱ्यापलीकडे जाऊन खेळायचे. तिला दिसू नये म्हणून."

त्यानंतर मावशीला माणसांची आवड नाही, असं आई कधी म्हणाली नाही.

त्या उन्हाळ्यात आई आठ दिवस मावशीकडे राहून आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला दोन्हीकडून बातम्या येत होत्या. मावशी म्हणाली, "तुझी आई फार बोलते, आणि माझ्या कपाटात हात घालते." आई म्हणाली, "ती ते कार्टून मध्येच थांबवून मला समजावून सांगते. मला काय डोळे नाहीत?" आईला दर वेळी पाचव्या मिनिटाला झोप लागायची. तिसऱ्या दिवशी आजीच्या आजारपणावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. एक अख्खा दिवस त्या घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं न विचारता आईच्या चहात दोन चमचे साखर घातली, लहानपणी लागायची तेवढी. आईनं साखर कधीच सोडली होती. तरी ती तो चहा प्यायली.

सगळं सुरळीत झालं, असं काही नाही. दोघी बहिणी आहेत. मैत्रिणी व्हायचं वय बहुधा निघून गेलंय. आई रविवारी फोन करते, दहा मिनिटांत दोघींचं बोलणं संपतं. मावशी आता निवृत्त झाली आहे. दवाखान्यात तोंडातला ठसा घ्यायचं यंत्र आलं, मग दात बाहेरून बनून येऊ लागले. निरोपाच्या दिवशी दंतवैद्यानं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि छान भाषण केलं. ती खोली आता सामान ठेवायला वापरतात.

पूर्वी मी विचारायचे, "बरी आहेस ना?" तर ती "हो" म्हणायची आणि फोन ठेवायची. हल्ली म्हणते, "दिवस जातो. संध्याकाळ जरा जड जाते." हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, आणि तिथेच पायरीवर बसले. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिला फोन करते. बऱ्याचदा दोघींकडे सांगण्यासारखं काही नसतं.

परवा तिनं मला समोरच्या गच्चीवरच्या मोज्याबद्दल सांगितलं. चार दिवस झाले, दोरीवर एकच मोजा आहे, हिरवा. दुसरा वाऱ्यानं उडाला म्हणावं तर चिमटा जागच्या जागी आहे. म्हणजे कुणीतरी काढून नेला. एकच का नेला? मी म्हटलं, एका पायाला प्लास्टर असेल.

"मग दुसरा धुतला कशाला?" मावशी म्हणाली.

यावर आम्ही अर्धा तास काढला. एकदा ती हसली आणि हात तोंडावर गेला असावा, कारण आवाज दबला. मग म्हणाली, "थांब हं, अंधार पडला. दिवा लावून येते. ठेवू नकोस."