गोपिकेचा चेडा

गोपिकेबद्दल लिहायचं तर आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटायचा. ती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून वाटतो. माणूस गेलं की त्याच्यावर फुलं उधळत बसणाऱ्यांतली मी नाही.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मी सीताबर्डीहून बसने कामठीला जायची. तिथे एका बिडी कारखान्याच्या भिंतीला लागून देऊळ होतं. त्याच्या ओट्यावर मी कामगारांच्या मुलांसाठी दुपारचा वर्ग काढला होता. मी एम.ए. झालेली. मुलांसाठी गोष्टी लिहायची, रविवारच्या पुरवणीत त्या चित्रासकट छापून यायच्या. आणि वर्गात कोण? कधी दोन पोरं, कधी नुसतीच देवळातली शेळी.

मुलं भिंतीपलीकडे होती. गोपिकेभोवती.

कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याचं छप्पर. खाली बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या आणि त्यांची पोरं ओली तेंदूपानं कैचीने कापायची. सकाळपासून दिवस कलेपर्यंत. मधोमध गोपिका बसायची, गोष्ट सांगत. तिथली जुनी रीत अशी की गोष्ट सांगणारीने बिडीला हात लावायचा नाही. बाकीच्या बायका आपल्या बिड्यांतली एकेक मूठ तिच्या सुपात टाकणार, तीच तिची मजुरी. गोपिका मौद्याकडच्या खेड्यातून लहानपणीच बापाबरोबर आली आणि याच छपराखाली पानं कापायला बसली. तेव्हा रंभाबाई नावाची म्हातारी गोष्टी सांगायची. गोपिकेचं लग्न झालं, नवरा गेला, बोटं कैचीने वाकडी झाली, आणि रंभाबाई मेल्यावर बायकांनी ती जागा गोपिकेला दिली. शाळेचं दारही तिने पाहिलेलं नव्हतं.

आणि तिचा आवाज! हातात खडू घेऊन मी रिकाम्या ओट्यावर बसायची आणि भिंतीतून तो ऐकायची. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ऐकणं मात्र सोडवायचं नाही.

तेव्हा तिची चेड्याची गोष्ट चालू होती. चेडा म्हणजे लहानपणीच मेलेलं पोर. त्याची शेंडी कापून कुणीतरी लपवून ठेवली की ते त्या माणसाला बांधलं जातं. मालक सांगेल ते काम करायचं. मजुरी नाही, सुट्टी नाही. गोपिकेचा चेडा एका रात्रीत शेत नांगरायचा, विहीर उपसायचा, सावकाराच्या बायकोचे पाय चेपायचा आणि चुलीपाशी एकटाच विटीदांडू खेळायचा. पोरं हसायची, मुसमुसायची. कैच्या चालूच.

मीही मग चेड्याची गोष्ट लिहिली. परी येते, त्याला सोडवते, हातात पाटी देते. छापून आली. जेवणाच्या सुट्टीत पुरवणी घेऊन मी कारखान्यात गेले आणि वाचून दाखवली. मुलांनी मुकाट ऐकून घेतली. मग लहानू नावाचा एक किडकिडीत पोरगा म्हणाला, "बाई, मंग त्याच्या वाटचं काम कोनं केलं?"

"ते गोष्टीत महत्त्वाचं नाही रे."

"काहून नाई?"

सगळं छप्पर हसलं. गोपिका तेवढी हसली नाही. तिने मला सांभाळून घेतलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी तिला बाजूला घेतलं. "गोपिका, तुझ्या गोष्टींनीच ही पोरं इथे बांधली गेलीत. मालकाला तू फुकटची राखण मिळालीस. तू गप्प बसलीस तर उठतील तरी."

"तुमी जळून राहिल्या, बाई."

"जळतेच आहे. पण खोटं बोलत नाहीये."

तिने आपली वाकडी बोटं माझ्यापुढे धरली. "मी गप बसली तं पोरं कापनं थोडी सोडतीन? रडत कापतीन. रंभाबाई नसली त्या दिवशी आमी तसेच कापत होतो."

यावर मला बोलायचं पुष्कळ होतं, पण बस सुटत होती.

आणि मग पोरांनी घोळ घातला. संध्याकाळी घरी जाताना ती थोडी पानं न कापताच पोत्याखाली ठेवू लागली. वर मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा. रात्री चेडा येईल, खाईल, पानं कापून ठेवेल! आधी एकाने ठेवली, मग सगळ्यांनी. सकाळी पानं वाळून कडक झालेली. कैची लावली की चुरा. मुरमुरे उंदरांनी नेलेले, म्हणून पोरांची खात्रीच पटली की चेडा येऊन जातो. दमतो बिचारा, म्हणून कापत नाही.

कारखाना सांभाळणारे मधुकरराव भडकले. त्यांचा आवाज मला ओट्यावर ऐकू येत होता. "गोपिका, तुह्या चेड्यानं माल मातीत घातला! आज सांग पोरायले, चेडा-बिडा काई नसते. नाई तं उद्यापासून तू या छपराखाली दिसू नको."

मला बरं वाटलं. गोष्ट मोडली की पोरं माझीच होती.

दुपारी मधुकरराव दारात उभे राहिले. मीही उठून भिंतीच्या खिडकीशी गेले. गोपिका पाणी प्याली आणि तिने सुरू केलं, "तं काय झालं, चेड्याले त्याची शेंडी सापडली. मालकाच्या उंबऱ्याखाली पुरली होती. त्यानं उकरली, फुंकर मारून माती झाडली, डोक्याले लावली अन् निंगाला."

लहानूने कैची खाली ठेवली. "मंग पानं कोन कापन?"

"ज्याची पानं हायत तो कापन."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मधुकररावांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"अन् चेडा कुठी गेला?"

गोपिकेने खिडकीकडे, थेट माझ्याकडे बोट केलं. "थ्या भिंतीपल्याड. बाईच्या वर्गात जाऊन बसला."

दुसऱ्या दिवशी माझा ओटा भरला. माझ्यासाठी एकही पोर आलं नव्हतं. सगळी खांबामागे, घंटेखाली शोधत होती. "बाई, चेडा कुठी बसला?"

भुताखेतांविरुद्ध मी गावोगाव भाषणं ठोकलेली. चेडा नसतो म्हणावं तर पोरं आल्या पावली परत गेली असती. दात आवळून म्हणाले, "मागे बसलाय. त्याला दिसेल असं मोठं अक्षर काढा."

सगळी रोज आली नाहीत. बायकांनी पोरांच्या वाटची पानं आपसात वाटून घेतली, म्हणून निम्मी तरी टिकली. गोपिकेची जागा मात्र गेली. ती घरी एकटीच बिड्या वळू लागली. तिथे तिच्या सुपात मूठ टाकायला कोण होतं?

पावसाळा सरल्यावर एकदा ती ओट्याखाली येऊन उभी राहिली. डोक्यावर बिड्यांचं गाठोडं.

"पोरं मले विचारतेत का, बाई?"

"रोज," मी तुटकपणे म्हणाले.

"मंग तुमी काहून रागावून राहिल्या?"

"मी आजारी पडले तेव्हा मला कुणीच विचारलं नव्हतं."

ती इतकी हसली की गाठोडं घसरलं. तोवर सगळ्या माना तिकडे वळल्या होत्या. माझ्या फळ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. मी खडू ठेवला.

"ये, बस वर," मी म्हणाले. "पण आधी पाढे होतील."

त्या दिवशी पाढे एकानेही धड म्हटले नाहीत.