माळावरचा तरवड

वाटणीत दादाने विहिरीची जमीन घेतली आणि मंद्रूपजवळचा खडकाळ माळ माझ्या गळ्यात मारला. तिथे तरवडाच्या रानझुडपांशिवाय काही उगवत नाही. यंदा पावसाने दडी मारली, दादाची विहीर आटली, बांधावरचा झेंडू करपला. माझा तरवड मात्र मुरमात पाय रोवून पिवळाधमक फुलला. शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, असा ताठ गडी.

नवरात्रात घटावर तरवडाची माळ लागते, म्हणून वहिनी पिशवी घेऊन आल्या.

"दादालाच पाठवा," मी तडकलो.

दादा तीच पिशवी घेऊन आला. "दे की लेका, देवीचं हाय."

"आधी सांग, वाटणी बरोबर झाली व्हती?"

तो फुलांकडे बघत हळूच म्हणाला, "न्हाय झाली."

तेवढ्यावर सौदा मिटवून मी त्याची पिशवी गच्च भरली. तरवड तरीही तसाच पिवळा दिसत होता.