सातव्या महिन्याच्या बांगड्या

अप्पांनी मोटार घेतली तेव्हापासून आमच्या तंजावूरच्या घरात देवाच्या खालोखाल तिचीच पूजा होती. वकिली करणारा शहाणा माणूस, पण मोटारीपुढं अक्कल गहाण. स्वतः पुसायचे, स्वतःच हाकायचे, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपायचा नाही. म्हणून अक्काला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आगगाडीचं नावसुद्धा काढू दिलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तिला म्हैसूर राज्यात, सोन्याच्या खाणीच्या गावी दिली होती. त्या मुलखात आमच्यासारखी मराठी घरं मोजकी. स्थळ जमलं की लांब-जवळ बघायचं नाही, अशी रीत.

"पोटुशी पोर, रानांतून कसां आणायचां?" आईनं विचारलं.

"रस्ता सरकारनं बांधलाय, भुतांनी नाही," अप्पा म्हणाले.

हौसेला मोल नाही म्हणतात. काहीतरी बोलतात लोक.

आम्ही तिघं निघालो, अप्पा, आई आणि परकर-पोलक्यातली मी. खाणीच्या त्या गावात डोळ्याला हिरवं म्हणून काही दिसेना. सगळीकडं मातीचे फिकट ढिगारे, आणि जमिनीखाली सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजायची. "सुरुंग उडाला की हीसुद्धा लाथ मारते," अक्का पोटावर हात ठेवून म्हणाली. मुलगीच होणार हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. वर्षभर एकटी राहून ती वाळली होती. आम्हाला पाहिल्यावर घास हातात धरून बोलतच सुटली.

दुसऱ्या दिवशी वळैकाप्पु झाला. ही चाल आम्ही तमिळ शेजाऱ्यांकडून घेतली. सातव्या महिन्यात गर्भारणीचे दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरायचे. त्यांची किणकिण पोटातल्या बाळाला ऐकू जाते म्हणतात, म्हणून बाळंतपणापर्यंत त्या उतरवायच्या नाहीत. मूल झालं की सगळ्या सुइणीला द्यायच्या. अक्काचे हात कोपरापर्यंत लाल-हिरवे झाले. ती उगीचच हात हलवी आणि पोटाकडं बघून हसे. मेव्हण्यांना कचेरीतून रजा मिळेना, ते दारात उभे राहिले आणि आम्ही परत निघालो.

धर्मपुरी मागे पडली आणि तोप्पूरच्या घाटातलं रान लागलं. बांबूची बेटं, काटेरी झुडपं, कठड्यावर वानरं. रस्ता पावसानं खाल्लेला. मोटार आदळली की अप्पा मान न वळवता म्हणायचे, "झालं, हा शेवटचा खड्डा." पहिल्यांदा आम्ही हसलो. मग रानातली बाधा नको म्हणून आईनं अक्काच्या मुठीत कडुलिंबाची डहाळी दिली. मी बांगड्यांची किणकिण ऐकत होते. घाट उतरता उतरता ती थांबली. बघितलं तर अक्कानं दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली होती.

"अप्पा, थांबवा," ती म्हणाली.

सेलमच्या अलीकडं पांढऱ्या दगडाच्या खाणी आहेत. तिथं बायका दगड फोडत होत्या, केसांपासून पायांपर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेल्या. त्यांतली एक म्हातारी अक्काकडं एकदा बघून सरळ मोटारीशी आली. तिनं पुरुषांना हाकललं, त्यांत अप्पाही आले. बाकीच्या बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. त्या आडोशात मूल झालं. मुलगीच होती. रडली नाही.

म्हातारीनं तिला धुतलं, डोक्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि बराच वेळ छातीशी धरून बसली. मग वडाखाली खड्डा केला. अप्पांनी आपल्या हातांनी माती लोटली. त्यांच्या नखांत ती पांढरी माती अडकलेली मला अजून दिसते. मला त्यांची कीव आली आणि तितकाच रागही आला. तो राग पुढं कितीतरी वर्षं गेला नाही.

अक्काला मोटारीत झोपवलं, तर ती उठून बसली आणि एकेक बांगडी उतरवू लागली.

"अय्यो, असां नको करू," आई म्हणाली. "जिवंत पोर झालां तरच सुइणीला देतात."

"त्या आजीनं पोरीला हातांत घेतलं नव्हतं कां?" अक्का म्हणाली.

म्हातारी "वेण्डाम, वेण्डाम" म्हणत मागं सरली. नको म्हणजे नकोच. काम दगडांचं, तिथं काचेचा काय निभाव लागणार, असं काहीसं ती म्हणत होती. अक्का रडत नव्हती. तिच्याशी तमिळमध्ये अगदी हळू बोलली, "फुटतील तेव्हा फुटू देत. आम्ही तिला इथं एकटीला ठेवून चाललो. तिला या आवाजाची सवय आहे."

म्हातारीनं मग हात पुढं केले. दगड फोडून सुजलेल्या सांध्यांवरून बांगड्या चढेनात. अक्कानं थुंकी लावून, दाबून, जमतील तेवढ्या चढवल्या. उरलेल्या म्हातारीनं पदरात बांधल्या.

मोटार सुरू झाली. अक्काला सेलमच्या दवाखान्यात लवकर पोचवायचं म्हणून अप्पांनी वेग घेतला. मागं हातोड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि एका हातोड्याबरोबर किणकिण.

"अप्पा, सावकाश," अक्का म्हणाली.

अप्पांना वाटलं तिला धक्के सोसत नाहीत. "झालं, बाळ, आता रस्ता चांगला आहे," ते म्हणाले.

"सावकाश," ती पुन्हा म्हणाली, आणि खिडकीबाहेर डोकं काढून मागं कान लावून बसली.